कमी सोयींची पाटी : स्वस्त टॅब्लेट घेताना काय सोडावे आणि काय सोडू नये



प्रवेश निश्चित झाला, छापील पुस्तके हाती आली आणि संपर्कसत्रांचे वेळापत्रक मिळाले, की मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा या परिसरातील विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : अभ्यासासाठी टॅब्लेट घ्यावा का, आणि घ्यायचाच तर स्वस्तातला चालेल का? प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो. पण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने तो अभ्यासाच्या नियोजनाचाच भाग आहे. म्हणून त्याचे उत्तर केवळ 'चालेल' किंवा 'चालणार नाही' अशा एका शब्दात देणे मला योग्य वाटत नाही.

आधी रकमेचे वजन लक्षात घेऊ. 2024-25 या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. म्हणजे दहा हजारांच्या टॅब्लेटसाठी हमीभावाने विकलेले दोन क्विंटलांहून थोडे अधिक सोयाबीन लागते. त्या हंगामात बाजारातील भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळत होता, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रत्यक्षात सोयाबीन त्याहून अधिक लागले असते. एवढी किंमत मोजताना आपण काय घेतो आणि काय सोडून देतो, हे समजून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. मोजक्या सोयींचा, साधा टॅब्लेट मराठीच्या विद्यार्थ्याला पुरेसा आहे. सोयी कमी असणे हा त्याचा दोष मानू नये. कपात चुकीच्या जागी झालेली असेल, तर मात्र तो दोष मानावा. ही चुकीची जागा कोणती, हे ओळखता यावे म्हणून हा लेख.

1. पाटी आणि टॅब्लेट

'टॅब्लेट' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'टॅब्युला', म्हणजे फळी, या शब्दात आहे. टॅब्लेट म्हणजे लहान फळी. मराठीतील 'पाटी' हा शब्द संस्कृत 'पट्ट'च्या कुळातला आहे आणि त्याचा अर्थही फार दूरचा नाही. आपल्या पूर्वजांची मुळाक्षरे धूळपाटीवर गिरवली गेली. पुढे दगडी पाटी आली. या दोन्ही पाट्यांना सोय एकच होती : लिहा, पुसा, पुन्हा लिहा. तेवढ्या एका सोयीवर पिढ्यान्‌पिढ्या साक्षर झाल्या.

यातून एक साधा निकष हाती येतो. शिकण्याच्या साधनाला किती सोयी आहेत, हे मोजण्यापेक्षा जे मुख्य काम आहे ते ते किती नीट करते, हे पाहावे. मराठीच्या विद्यार्थ्याचे मुख्य काम वाचन हे आहे. त्या खालोखाल कोश पाहणे, व्याख्याने ऐकणे आणि थोडेफार टंकलेखन करणे ही कामे येतात. या क्रमाने विचार केला तर विक्रेत्याच्या जाहिरातीतील निम्मी वैशिष्ट्ये आपोआप गौण ठरतात.

2. 'आकाश'चा धडा

स्वस्त टॅब्लेटचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत 'आकाश' या टॅब्लेटचे अनावरण केले. डेटाविंड या कंपनीने तयार केलेले हे साधन शासनाला सुमारे 2,276 रुपयांना पडत होते आणि ते विद्यार्थ्यांना सवलतीत मिळावे, अशी योजना होती. सात इंचांचा पडदा, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 मेगाबाइट रॅम, अँड्रॉइडची 2.2 ही आवृत्ती, असे त्याचे स्वरूप होते. कॅमेरा नव्हता.

आता त्यावर झालेली टीका आठवून पाहा. कॅमेरा नाही, याबद्दल फारसा कोणी तक्रार करताना दिसला नाही. तक्रार झाली ती पडद्याची, कारण तो बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालत नसे, दाबावा लागे. तक्रार झाली ती मंद गतीची आणि दोन-तीन तासांत संपणाऱ्या बॅटरीची. सुमारे वर्षभराने, 11 नोव्हेंबर 2012 रोजी, 'आकाश-2'चे अनावरण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. तोपर्यंत प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली होती. नव्या आवृत्तीत स्पर्शाने चालणारा पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 512 मेगाबाइट रॅम आणि अँड्रॉइड 4.0 होते; विद्यार्थ्यांसाठी सवलतीची किंमत 1,130 रुपये ठरवण्यात आली होती.

मराठीच्या अभ्यासकाने या दोन आवृत्त्यांमधील एक फरक विशेष ध्यानात ठेवावा. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या मूळ आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा योग्य जागी जुळवण्याची व्यवस्थाच नव्हती. अक्षरांच्या जागी पुष्कळदा चौकोन दिसत. ती व्यवस्था 4.0च्या सुमारास रुळली. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला जुनी आवृत्ती केवळ 'मंद' वाटत होती, तर मराठी वाचणाऱ्याला ती निरुपयोगी ठरू शकत होती. एकाच कपातीची किंमत दोन भाषांच्या वाचकांना वेगवेगळी मोजावी लागते, हा 'आकाश'चा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

3. काय सोडून द्यावे

काही सोयी निःसंकोच सोडून द्याव्यात.

मागचा भारी कॅमेरा सोडा. गृहपाठाचे पान टिपायचे झाले तर ते काम घरातील फोन करतो. सिमकार्डाची सोय सोडा. केवळ वाय-फायवर चालणारा टॅब्लेट स्वस्त पडतो आणि फोनच्या हॉटस्पॉटवर त्याचे काम भागते. दुसऱ्या सिमचे रिचार्जही वाचते. पडद्यावर लिहिण्याची लेखणी सोडा. टिपणे वहीत काढलेली बरी, त्याचे कारण पुढे येईलच. चार-चार ध्वनिवर्धक सोडा. व्याख्यान ऐकण्यास साधा इअरफोन पुरतो. खेळांसाठी लागणारा वेगवान प्रोसेसर, चकचकीत धातूचे आवरण, बोटाचा ठसा ओळखणारी यंत्रणा, यांपैकी कशानेही लीळाचरित्र अधिक चांगले समजणार नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. साधा टॅब्लेट घेतल्यावर दुकानातच आवरण, कळफलक, लेखणी, मेमरी कार्ड, पडद्यावरची काच अशी भर पडत जाते. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण अशा वेळी आठवावी. आवरण तेवढे घ्या, कारण खाली पडून पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च टॅब्लेटच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो. बाकीच्या वस्तूंची गरज खरोखर भासली, तर त्या नंतर घेता येतात.

4. काय सोडू नये

पहिली गोष्ट पडदा. देवनागरी ही रोमन लिपीपेक्षा उभ्या दिशेने अधिक दाट आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'सूक्ष्म', 'वाङ्मय', 'पद्धत', 'स्त्रियांच्या' या शब्दांत एका अक्षराच्या जागेत किती रेषा मावतात, ते पाहा. 1280 × 800 बिंदूंचा दहा इंची पडदा एका इंचात सुमारे 149 बिंदू दाखवतो. तेवढेच बिंदू आठ इंची पडद्यावर असतील तर इंचाला सुमारे 189 पडतात. 1920 × 1200 बिंदूंच्या दहा इंची पडद्यावर ही संख्या 224च्या आसपास जाते. म्हणून 'मोठा पडदा' एवढेच ऐकून भुलू नये. मोठा पण विरळ बिंदूंचा पडदा अक्षरे मोठी दाखवतो, मात्र त्यांच्या कडा फुटतात.

हा केवळ डोळ्यांच्या सुखाचा मुद्दा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये स्वीकारले गेले, त्याआधीच्या छापील पुस्तकांत 'त्यानें', 'घरांत' असे व्युत्पत्तीनुसार येणारे अनुस्वार सर्रास आढळतात. अशा पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचताना अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे कळणे म्हणजे पाठ अचूक वाचणे होय. शिवाय आपल्या वर्गातील अनेकांनी चाळिशी ओलांडली आहे आणि मराठीने वयाला व चष्म्याला एकच शब्द देऊन ठेवला आहे, तो उगाच नाही. पीडीएफचे पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी ते डावीउजवीकडे सरकवावे लागते. फोनवर हा त्रास सर्वाधिक होतो. टॅब्लेट घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि पडद्यातच काटकसर केली तर ते कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट साठवण आणि रॅम. खोक्यावर 32 गिगाबाइट लिहिले असले तरी त्यातील बराच भाग मूळ प्रणालीच व्यापते. उरलेल्या जागेत ॲप आणि त्यांची अद्ययावत रूपे वाढत जातात. 64 गिगाबाइट साठवण, 4 गिगाबाइट रॅम आणि मेमरी कार्डाची खाच एवढे किमान धरावे. गावात नेट मिळत नाही तेव्हा संपर्कसत्राच्या ठिकाणी किंवा तालुक्याच्या गावी व्याख्याने व पुस्तके उतरवून घेऊन घरी वाचता येणे, ही ग्रामीण विद्यार्थ्याची खरी गरज आहे. साठवण कमी असेल तर ती भागत नाही.

तिसरी गोष्ट प्रणालीचे वय. दुकानात अत्यंत स्वस्त मिळणाऱ्या टॅब्लेटमध्ये पुष्कळदा दोन-तीन वर्षांपूर्वीची अँड्रॉइड आवृत्ती असते. सुरक्षा-अद्यतने थांबली की काही काळाने एकेक ॲप 'या उपकरणावर चालत नाही' असे सांगू लागते. तुमची पदवी किमान तीन वर्षांची आहे, तेव्हा टॅब्लेटही तेवढा टिकायला हवा. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : यात अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे, आणि कंपनी किती वर्षे अद्यतने देणार आहे? उत्तर मिळत नसेल तर तो टॅब्लेट तिथेच ठेवा.

चौथी गोष्ट बॅटरी आणि दुरुस्ती. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. पत्र्याच्या घरात चार्जिंगला लावून ठेवलेला टॅब्लेट लवकर थकतो. म्हणून तो उन्हापासून दूर, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावा आणि रात्रीच्या गारव्यात चार्ज करावा. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र कोठे आहे, हे खरेदीपूर्वीच विचारावे. त्यासाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागणार असेल, तर एसटीचे भाडे आणि बुडालेला एक दिवस हीदेखील त्या टॅब्लेटची किंमतच समजावी.

5. दुकानातली मराठीची परीक्षा

आजच्या कोणत्याही नव्या टॅब्लेटवर देवनागरी उमटते. आता पाहायचे ते एवढेच, की ती किती स्पष्ट उमटते आणि टंकायला किती सोपी जाते. खरेदीपूर्वी टॅब्लेट हातात घ्या, मराठी कळफलक सुरू करा आणि हे शब्द टंका : दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, सूक्ष्म, ॲप.

या शब्दांची निवड सहेतुक आहे. 'दुसऱ्या'मधील र मराठीत नित्याचा. पण अनेक कळफलकांवर तो सहजी सापडत नाही आणि 'दुसर्या' असे चुकीचे रूप उमटते. 'लीळाचरित्र' टंकताना सुचवणीचा यंत्रणेचा हट्ट असतो 'लीला'चा. ळ टिकतो का, ते पाहा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्ये समाविष्ट झाले आणि 2009च्या शासननिर्णयाने ते प्रमाण मराठी वर्णमालेतही आले; जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. याच शासननिर्णयात मराठी वळणाचा, पाकळीयुक्त ल निश्चित केला आहे. तुमच्या टॅब्लेटवर ल हिंदी वळणाचा दिसला तर तो काही टॅब्लेट नाकारण्याइतका मोठा दोष नाही. पण मराठीच्या विद्यार्थ्याच्या नजरेला तो फरक जाणवला पाहिजे.

6. पैशांनी न सुटणाऱ्या अडचणी

महागडा टॅब्लेट घेतला म्हणजे सर्व सोपे होईल, हा समजही दूर करायला हवा. अनेक जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार झालेल्या आहेत. डोळ्यांना त्यात मराठी दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ती निरर्थक चिन्हांची मालिका असते. अशा फायलीत शब्द शोधता येत नाही, उतारा नकलता येत नाही, की वाचून दाखवणारे ॲप ते वाचू शकत नाही. युनिकोडमध्येही 'दुसऱ्या'मधील र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. दिसायला शब्द सारखाच, पण शोध घेताना एक रूप सापडते आणि दुसरे निसटते. ही अडचण पन्नास हजारांच्या टॅब्लेटवरही तशीच राहते.

दुसरी अडचण परीक्षेची. सत्रान्त परीक्षेची उत्तरपत्रिका आजही पेनाने, सलग काही तास बसून लिहावी लागते. नोकरी-संसारात हाताने लिहिण्याची सवय मोडलेल्यांना खरी दमछाक तेथेच होते. टॅब्लेटवर वाचा, पण टिपणे वहीत काढा आणि आठवड्यातून एका प्रश्नाचे उत्तर पूर्ण लिहून पाहा. या सरावाला कोणत्याही किमतीचे उपकरण पर्याय होऊ शकत नाही.

7. स्वस्त टॅब्लेट काय देतो

एवढ्या मर्यादा सांगितल्यावर लाभाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले आणि पुढे पुरवणी खंड आला. हे खंड घरी असणे ही पूर्वी मोठ्या ग्रंथालयांची आणि मोजक्या विद्वानांची मिरास होती. आज तो कोश आणि मोल्सवर्थचा 1857च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो. मराठी विश्वकोश उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने विनामूल्य उतरवून घेता येतात. जेथे आजही रेल्वे पोहोचलेली नाही आणि संदर्भग्रंथालयासाठी दुसरे शहर गाठावे लागते, त्या मेहकरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे अंतर दहा हजारांत मिटणे ही साधी गोष्ट नव्हे. आणि हे सारे करण्यास महागडा टॅब्लेट लागत नाही. स्पष्ट पडदा, पुरेशी साठवण आणि जिवंत प्रणाली एवढेच लागते.

8. टॅब्लेट कोणाचा?

शेवटचा मुद्दा तांत्रिक नाही. टॅब्लेट 'आईच्या अभ्यासासाठी' म्हणून घरी येतो आणि आठवडाभरात मुलांच्या खेळांचा व कार्टूनचा होतो, असे पुष्कळ घरांत घडते. विशेषतः विद्यार्थिनींच्या वाट्याला मग रात्री साडेदहानंतरची, बॅटरी संपत आलेली वेळ येते. म्हणून खरेदीपूर्वीच घरात स्पष्ट बोलावे : हा टॅब्लेट कोणाचा आणि कोणत्या वेळी तो कोणी मागायचा नाही. अनेक टॅब्लेटवर स्वतंत्र वापरकर्ता-खाती करता येतात. ती सोय असेल तर वापरावी. खेळांसाठी लागणारी शक्ती नसलेला साधा टॅब्लेट या बाबतीत उपकारकच ठरतो, कारण मुलांचा त्यातील रस लवकर संपतो.

याउलट, घरात एखादा टॅब्लेट पडून आहे का, तेही पाहावे. नागपूरची 'महाज्योती' ही संस्था प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना टॅब्लेट देत आली आहे. घरातील मुलाची परीक्षा उरकून तसा टॅब्लेट कपाटात गेला असेल, तर दोन क्विंटल सोयाबीन विकण्याची गरजच नाही.

माझा सल्ला असा : पहिले सत्र घाई करू नका. विद्यापीठाने दिलेली छापील पुस्तके आणि हाती असलेला फोन यांवर ते काढा. कोठे अडते, याची वहीत नोंद ठेवा : अक्षरे लहान पडतात, कोश पाहता येत नाही, व्याख्यान उतरवायला जागा नाही, की केवळ वेळच मिळत नाही? चौथी अडचण असेल तर टॅब्लेट ती सोडवणार नाही. पहिल्या तीन असतील तर अंथरूण पाहून पाय पसरावे, पण पडदा, साठवण आणि प्रणाली या तीन ठिकाणी अंथरूण आखूड घेऊ नये.

विचारार्थ प्रश्न

1. तुमच्या अभ्यासातील कोणती कामे फोनवर अडतात? एका आठवड्याची नोंद करून त्यांचा क्रम लावा.
2. 'एकाच कपातीची किंमत दोन भाषांच्या वाचकांना वेगवेगळी मोजावी लागते.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा. उत्तर हाताने, सुमारे 200 शब्दांत लिहा.
3. लेखकाच्या मताशी तुम्ही कोठे असहमत आहात? आपला मतभेद दोन कारणे देऊन मांडा.